उजेडात धरला, वॉटरमार्क दिसला. पण म्हणून कागद खरा ठरतो का?

अलिबाग, नागाव, रेवदंडा, काशीद, मुरूड, पुढे दिवेआगर, श्रीवर्धन. या किनाऱ्यावर जमीन बघायला निघालात की जमिनीच्या आधी तुमच्यापर्यंत पोहोचते ती व्हॉट्सॲपवरची एक पीडीएफ. सातबाऱ्याची. मागोमाग स्टॅम्प पेपरवरच्या साठेखताचा फोटो. आणि तुम्ही जरा का-कू केलीत तर एजंटचं ठरलेलं वाक्य, "साहेब, झूम करून बघा, वॉटरमार्क आहे त्याच्यावर."

12 जानेवारी 2024 ला अटल सेतू सुरू झाला. शिवडी ते न्हावा-शेवा हा 21.8 किलोमीटरचा रस्ता झाल्यावर उरण, पेण, अलिबाग ही गावं मुंबईच्या दारात आली. जमिनीची विचारपूस वाढली, तसे कागदही फिरू लागले. ज्यांनी आयुष्यात कधी फेरफार पाहिलेला नाही अशी माणसं आता मोबाईलवर सातबारा उघडून 'खरा आहे ना?' असं ग्रुपवर विचारतात.

या प्रश्नाचं उत्तर देताना 'वॉटरमार्क' हा शब्द सर्रास वापरला जातो. गंमत अशी की या एकाच शब्दाखाली आपण तीन वेगवेगळ्या गोष्टी मोजतो. त्यातली एक कागदाच्या आत असते, दुसरी कागदावर खास शाईने छापलेली असते आणि तिसरी कागदावर नसतेच, ती फाईलमध्ये असते. या तिन्हींची गल्लत झाली की फसवणाऱ्याचं काम सोपं होतं.

खरा वॉटरमार्क कुठे असतो?

खिशातली 500 ची नोट काढा आणि खिडकीसमोर धरा. डाव्या-उजव्या बाजूच्या मोकळ्या जागेत गांधीजींचा चेहरा आणि शेजारी 500 हा आकडा दिसेल. हा चेहरा छापलेला नाही. कागद तयार होत असताना, तो ओला लगदा असतानाच, त्या जागी तंतूंचा थर कमी-जास्त केलेला असतो. थर पातळ तिथे उजेड जास्त येतो, जाड तिथे कमी. म्हणून चेहऱ्यावर सावल्या दिसतात, गालाकडून कानाकडे हळूहळू गडद होत जाणाऱ्या. मराठीत याला जलचिन्ह म्हणतात आणि हे नाव अगदी बरोबर आहे, कारण ते पाण्यातच तयार होतं.

हे तंत्र फार जुनं आहे. इटलीतल्या फाब्रियानो गावच्या कागद्यांनी तेराव्या शतकात ते सुरू केलं असं मानलं जातं. हाताने कागद गाळायच्या जाळीवर तारेची आकृती शिवायची. तारेमुळे तिथे लगदा कमी बसायचा. पुढे यंत्रावर कागद बनू लागला तेव्हा 1826 च्या सुमारास इंग्लंडमध्ये आकृती असलेला रूळ आला, ज्याला आजही 'डँडी रोल' म्हणतात. इंग्रजांनी या खुणेची किती धास्ती घेतली होती ते बघा: 1773 च्या कायद्याने बँक ऑफ इंग्लंडच्या नोटेच्या कागदाचा वॉटरमार्क नकल करणाऱ्याला फाशीची तरतूद केली होती.

आपल्याकडे नोटांचा आणि सरकारी मूल्याच्या कागदपत्रांचा विशेष कागद मध्य प्रदेशात होशंगाबादच्या (आताचं नर्मदापुरम) सिक्युरिटी पेपर मिलमध्ये आणि नोटांपुरता म्हैसूरच्या कारखान्यातही बनतो. छपाईचं जुनं घर मात्र नाशिकरोड. तिथली इंडिया सिक्युरिटी प्रेस 1925 पासूनची, नोटांची प्रेस 1928 ची. टपाल तिकिटं, स्टॅम्प पेपर, पासपोर्ट, सगळं तिथून.

म्हणजे खरा वॉटरमार्क हवा असेल तर तो कागदाच्या कारखान्यातच पडायला हवा. त्यासाठी रूळ बनवावा लागतो आणि ऑर्डर टनांत द्यावी लागते. अलिबागच्या एखाद्या शाळेला दोनशे प्रमाणपत्रं हवी असतील, किंवा रिसॉर्टला हजार गिफ्ट कूपन, तर हे परवडणार कसं?

इथेच छापील वॉटरमार्क येतो.

वडापावचा कागद आणि छापील वॉटरमार्क

गरम वडापाव वर्तमानपत्राच्या कागदात बांधून घेतला की कागदावर तेलाचा डाग पडतो. तो कागद उजेडात धरला तर डागातून पलीकडचं दिसतं. असं का होतं?

कागद पांढरा आणि अपारदर्शक दिसतो तो त्यातल्या हवेमुळे. तंतू स्वतः जवळजवळ पारदर्शक असतात, पण त्यांच्यामधल्या फटींत हवा असते. प्रकाश तंतूतून हवेत, हवेतून तंतूत असा जाताना प्रत्येक वेळी विखुरतो. तेल त्या फटी भरून काढतं. तेलाचा आणि तंतूचा प्रकाश वळवण्याचा गुण जवळपास सारखाच, त्यामुळे विखुरणं कमी होतं आणि कागद अर्धपारदर्शक होतो.

छापील वॉटरमार्कची एक शाई नेमकं हेच करते. ती तेल किंवा राळेवर आधारलेलं, कागदात मुरणारं वार्निश असते. छापलं की त्या जागी कागद थोडा पारदर्शक होतो आणि उजेडात धरल्यावर खुण उजळ दिसते. दुसरी शाई उलटं काम करते. ती पांढरी किंवा अगदी फिकट राखाडी आणि अपारदर्शक असते. कागदाच्या मागच्या बाजूला ती छापली की समोरून सहसा काही दिसत नाही. कागद तिरका धरला की चमकेच्या फरकामुळे खुण उमटते. झेरॉक्स यंत्राला पांढऱ्यावरचं पांढरं दिसत नाही, म्हणून झेरॉक्समध्ये ती उतरत नाही. एवढंच तिचं काम.

यात बेकायदा काहीही नाही, हे आधी स्पष्ट सांगायला हवं. परदेशात साध्या चेकवर, औषधांच्या चिठ्ठ्यांवर, मैफिलींच्या तिकिटांवर हा प्रकार वर्षानुवर्षं वापरला जातो. छापखानेवाले त्याला नकली वॉटरमार्क म्हणत नाहीत, कृत्रिम वॉटरमार्क म्हणतात. गावातल्या पतपेढीने आपल्या ठेव पावतीवर स्वतःचं बोधचिन्ह असं छापून घेतलं तर ते शहाणपणाचंच आहे. रंगीत झेरॉक्स काढून पावती बनवणारा त्यामुळे अडतो.

गडबड दोन ठिकाणी होते. एक, कोणी आपल्या संस्थेच्या प्रमाणपत्रावर अशोकस्तंभ छापतो तेव्हा. राजमुद्रेच्या गैरवापराविरुद्ध 2005 चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 'मानवाधिकार', 'भ्रष्टाचार विरोधी' अशी भारदस्त नावं लावून ओळखपत्रं वाटणाऱ्या मंडळींनी हे वाचलेलं नसतं. आणि दुसरं, जिथे कागदाच्या आतला वॉटरमार्क अपेक्षित आहे तिथे छापील खुण उमटवून तो खरा म्हणून चालवला जातो तेव्हा. बनावट नोटांत हेच दिसतं. सरकारी मुद्रांक किंवा नोट बनावट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 178 खाली जन्मठेपेपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे. त्यासाठी साहित्य बाळगणं कलम 181 खाली तितकाच गंभीर.

हातात कागद असेल तर कसं ओळखायचं?

यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. पण सवय लागते, आणि ती खऱ्या नोटेवरच लावून घेतलेली बरी.

पहिली गोष्ट म्हणजे तिरकं बघणं. कागद टेबलावर ठेवा, उजेडाकडे तोंड करा आणि डोळा कागदाच्या पातळीला आणा. खरा वॉटरमार्क अशा वेळी चमकत नाही, कारण तिथे वर काही लावलेलंच नाही. छापील असेल तर त्या भागाची झळाळी बाकी कागदापेक्षा वेगळी दिसते, तेलकट किंवा खडूसारखी. मग कडा बघा. खऱ्याच्या कडा विरघळलेल्या असतात, सावलीसारख्या. छापलेल्याच्या कडा बहुतेक वेळा कापल्यासारख्या आणि सगळीकडे एकाच गडदपणाच्या. चेहऱ्याच्या वॉटरमार्कमध्ये हा फरक लगेच कळतो. नुसत्या अक्षरांच्या वॉटरमार्कमध्ये कळायला वेळ लागतो, कारण साध्या तारेच्या अक्षरांनाही सावल्या नसतात.

तिसरी कसोटी जांभळ्या दिव्याची. दुकानात नोटा तपासायला जो छोटा यूव्ही दिवा असतो, त्याखाली साधा झेरॉक्सचा कागद निळसर-पांढरा झळकतो. कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून त्यात झळाळी आणणारी रसायनं घातलेली असतात, त्यांचा हा परिणाम. सुरक्षा कागदात ती घालत नाहीत, म्हणून तो दिव्याखाली मंद राहतो आणि फक्त मुद्दाम घातलेले धागे किंवा शाई चमकतात. 1983 मध्ये जर्मनीत 'हिटलरच्या डायऱ्या' म्हणून मोठ्या किमतीला विकल्या गेलेल्या वह्या याच कसोटीवर पडल्या. कागदात युद्धानंतर वापरात आलेलं झळाळीचं रसायन निघालं. मजकूर कितीही जमवला तरी कागद बोलला.

आपल्या रोजच्या वापरात ही सगळी हत्यारं एकत्र बघायची असतील तर चेकबुक उघडा. रिझर्व्ह बँकेने 2010 मध्ये ठरवलेल्या 'सीटीएस-2010' मानकाप्रमाणे भारतातल्या प्रत्येक बँकेच्या चेकच्या कागदात 'सीटीएस-इंडिया' असा वॉटरमार्क असतो, तो उजेडात धरल्यावर दिसतो. बँकेचं बोधचिन्ह अदृश्य यूव्ही शाईत असतं. आणि 'व्हॉइड' हा शब्द अशा बारीक रेघांत लपवलेला असतो की झेरॉक्स काढली की तो ठळक उमटतो. कागदाच्या आतली खुण, खास शाई आणि झेरॉक्सला पकडणारी नक्षी अशा तीन वेगवेगळ्या भिंती एकामागे एक उभ्या केल्या आहेत. एकट्या वॉटरमार्कवर बँकांनीही विसंबून राहणं सोडलं, ही यातली लक्षात घेण्यासारखी गोष्ट.

कोकणासाठी एक जोड. पावसाळ्यात कागद ओलसर होतात म्हणून आपल्याकडे सगळ्या दस्तांना लॅमिनेशन करायची हौस आहे. ती आवरा. प्लास्टिक चढलं की तिरकं बघण्याची कसोटी संपली, हाताला कागदाचा पोत कळत नाही आणि शिक्का उठावदार आहे की छापलेला हेही समजत नाही. विक्री करणाऱ्याने मूळ कागद म्हणून लॅमिनेट केलेला दस्त दाखवला तर तो वाईटच असेल असं नाही, पण तो हातात धरून तपासता येणार नाही एवढं नक्की. कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, कोरड्या जागी ठेवला तरी पुरतो.

फोटोत वॉटरमार्क स्पष्ट दिसतोय? मग तर जास्त सावध

आता मूळ मुद्द्याकडे. व्हॉट्सॲपवर आलेल्या स्टॅम्प पेपरच्या फोटोत किंवा स्कॅनमध्ये वॉटरमार्क ठळक दिसत असेल तर लोकांना दिलासा वाटतो. खरं तर उलट व्हायला हवं. कागदाच्या आतला वॉटरमार्क बघायला उजेड मागून यावा लागतो. स्कॅनर आणि समोरून काढलेला फोटो या दोन्हींत उजेड समोरून पडतो, तेव्हा तो जवळपास दिसतच नाही. सपाट स्कॅनमध्ये सुबक, ठसठशीत वॉटरमार्क दिसत असेल तर तो एक तर कागदावर छापलाय किंवा संगणकावर चिकटवलाय.

सातबाऱ्याचं मात्र वेगळं आहे, आणि इथेच बहुतेकांचा गोंधळ उडतो. ऑनलाईन मिळणाऱ्या सातबाऱ्यावर महाराष्ट्र शासनाचं आणि ई-महाभूमी प्रकल्पाचं बोधचिन्ह फिकट रंगात पार्श्वभूमीला असतं. त्यालाही वॉटरमार्कच म्हणतात. पण तो शाईचा नाही, लगद्याचा नाही. पीडीएफमधलं एक चित्र आहे. तुमच्या घरच्या प्रिंटरवर, कुठल्याही कागदावर तो छापला जाणार. असं चित्र दुसऱ्या कोणालाही फाईलमध्ये टाकता येतं, त्यासाठी मोबाईलवरचं साधं ॲपही पुरतं.

मग या सातबाऱ्याची ताकद कशात आहे? त्यावरच्या 16 अंकी पडताळणी क्रमांकात आणि क्यूआर कोडमध्ये. महाभूमीच्या डिजिटल सातबारा संकेतस्थळावर जाऊन तो क्रमांक टाकला की सरकारी नोंदीतला उतारा समोर येतो. हातातला आणि तो, दोन्ही ओळीनं ताडून बघायचे. डिजिटल सही असलेल्या या उताऱ्याला 15 रुपये शुल्क आहे, आणि डिसेंबर 2025 मध्ये राज्य सरकारने त्याला कायदेशीर मान्यता असल्याचं परिपत्रकाने स्पष्ट केलं. त्यासाठी तलाठ्याच्या (आताचे ग्राम महसूल अधिकारी) शिक्क्याची गरज नाही. भूलेखवर फुकट दिसणारा उतारा मात्र फक्त माहितीसाठी असतो आणि तसं त्यावर लिहिलेलंही असतं. एजंट बहुतेकदा हाच पाठवतो.

एक साधी सवय लावून घ्या: समोरच्याने पाठवलेला उतारा वाचायचाच नाही. त्याच्याकडून गाव, तालुका आणि गट नंबर घ्यायचा आणि 15 रुपये भरून उतारा स्वतः काढायचा. क्यूआर कोडही समोरच्याच्या कागदावरचा स्कॅन करून समाधान मानू नका. बनावट कागदावरचा कोड बनावट संकेतस्थळावर नेऊ शकतो. पत्ता सरकारी आहे का ते ब्राउझरच्या पट्टीत वाचा.

हे महत्त्वाचं का, तर महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायला घेणारा शेतकरी असावा लागतो. 1948 च्या कूळ कायद्याच्या कलम 63 ची ती अट आहे. त्यामुळे किनाऱ्यावर बंगल्यासाठी जागा शोधणाऱ्या बिगर-शेतकऱ्याला दोन रस्ते असतात: रीतसर परवानगी किंवा बिगरशेती झालेली जमीन शोधणं, नाहीतर कुठल्या तरी लांबच्या जिल्ह्यातला 'शेतकरी असल्याचा' सातबारा मिळवणं. दुसऱ्या रस्त्यावर बनावट उताऱ्यांना गिऱ्हाईक आहे. आणि नंतर कधी चौकशी लागली की जमीन सरकारजमा होण्याची वेळ खरेदीदारावर येते, उतारा 'करून देणाऱ्या'वर नाही.

तेलगीने कागदाबद्दल काय शिकवलं

स्टॅम्प पेपरची गोष्ट निघाली की अब्दुल करीम तेलगीचं नाव येणारच. 'स्कॅम 2003' या वेब मालिकेमुळे नव्या पिढीलाही ते माहीत झालं. पण मालिका बघून लोकांच्या लक्षात राहतो तो पैसा. आपल्या विषयापुरती लक्षात ठेवायची गोष्ट वेगळी आहे.

तेलगीने 1994 मध्ये मुद्रांक विक्रीचा रीतसर परवाना मिळवला. नाशिकच्या प्रेसमधून मोडीत निघालेली छपाईची यंत्रं लिलावातून त्याच्यापर्यंत पोहोचली आणि मुंबईत फोर्टमध्ये छापखाना उभा राहिला. त्याचे कागद इतके हुबेहूब होते की नुसत्या नजरेने ओळखणं अवघड होतं. पण त्याची खरी हुशारी छपाईत नव्हती, गिऱ्हाईक निवडण्यात होती. बँका, विमा कंपन्या, शेअर दलाल अशा ठोक गिऱ्हाइकांना तो मुद्रांक पुरवायचा. शेकड्यांनी घेतलेले कागद कोण एकेक उजेडात धरून बघतो? आणि कोषागारातून कोणत्या क्रमांकाचे कागद कोणत्या विक्रेत्याला गेले, ही नोंद आणि बाजारातला कागद यांची गाठ घालून बघणारी यंत्रणाच नव्हती. 2001 मध्ये अजमेरला तो पकडला गेला, 2004 मध्ये तपास सीबीआयकडे गेला, 2007 मध्ये त्याला 30 वर्षांची सक्तमजुरी आणि 202 कोटींचा दंड झाला, आणि ऑक्टोबर 2017 मध्ये बंगळुरूला त्याचा मृत्यू झाला.

त्या घोटाळ्यानंतर महाराष्ट्राने मोठ्या रकमेचं मुद्रांक शुल्क हळूहळू कागदावरून नोंदीवर हलवलं. आज खरेदीखताचं शुल्क 'ग्रास' प्रणालीतून ऑनलाईन चलनाने भरलं जातं, किंवा ई-एसबीटीआर नावाची पावती बँकेतून खास सुरक्षा कागदावर छापून मिळते. प्रत्येक भरण्याला जीआरएन क्रमांक असतो. दस्त नोंदवताना दुय्यम निबंधक ते चलन ऑनलाईन बाद करतात, म्हणजे तेच चलन दुसऱ्या दस्ताला लावता येत नाही. कागद चोरला, छापला, हुबेहूब बनवला तरी नोंदीत क्रमांक नसेल तर उपयोग शून्य. माझ्या मते तेलगी प्रकरणानंतर झालेला सगळ्यात कामाचा बदल हाच, आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी होते.

तरीही छोट्या रकमेचा स्टॅम्प पेपर शिल्लक आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये राज्याने किमान शुल्क वाढवल्यावर 100 आणि 200 च्या जागी 500 चा कागद आला. (शाळा-कॉलेजच्या दाखल्यांसाठी लागणाऱ्या प्रतिज्ञापत्रांना शुल्क माफ आहे; तिथे कोणी 500 चा कागद आणायला सांगितला तर कशासाठी ते विचारा.) किंमत पाचपट झाली की बनावट कागद छापणाऱ्याचा नफाही पाचपट होतो, हे वेगळं सांगायला नको.

कागद खरा, मजकूर खोटा

आणि समजा स्टॅम्प पेपर अगदी खरा निघाला, वॉटरमार्क लगद्यातला, क्रमांक नोंदीतला. म्हणजे व्यवहार खरा का?

रायगडच्या किनाऱ्यावर माणसं जास्त फसतात ती इथे. 500 च्या खऱ्या स्टॅम्प पेपरवर नोटरीसमोर साठेखत केलं जातं, गुंठा-दोन गुंठ्यांचे पैसे दिले जातात आणि घेणाऱ्याला वाटतं जागा झाली. 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे 100 रुपयांहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीचं खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवल्याशिवाय मालकी जात नाही. नोटरीने केलेलं असतं ते सह्या कोणी केल्या याचं साक्षांकन. वॉटरमार्क कागदाची ओळख पटवतो. विकणारा मालक आहे का, त्याच्या बहिणींचे हक्क सुटलेत का, हीच जागा आधी तिघांना विकलीय का, यातलं काहीही कागदाला माहीत नसतं.

मागची तारीख घालण्याचा प्रकारही असाच. खरा पण जुना कागद कुणाकडून तरी मिळवायचा आणि त्यावर दहा वर्षांपूर्वीचा करार टाईप करायचा. इथे वॉटरमार्क फसवणाऱ्याच्या बाजूने साक्ष देतो! म्हणून कागद उलटा करा. मागे मुद्रांक विक्रेत्याचा शिक्का, अनुक्रमांक, तारीख आणि घेणाऱ्याचं नाव असतं, आणि विक्रेत्याच्या नोंदवहीत त्याच क्रमांकाला तेच नाव असायला हवं. महाराष्ट्र मुद्रांक कायद्याप्रमाणे विकत घेतल्यापासून सहा महिन्यांत न वापरलेला मुद्रांक बाद होतो, हेही तारखेशी ताडून बघा.

मजकुरातही खुणा सापडतात. आपला जिल्हा 1981 पर्यंत कुलाबा होता. 1975 च्या म्हणून दाखवलेल्या दस्तात 'जिल्हा रायगड' असेल तर पुढे वाचायची गरज नाही. रुपयाचं ₹ हे चिन्ह जुलै 2010 मध्ये स्वीकारलं गेलं. 2006 च्या करारात ते आलं कुठून? पाकिस्तानात 2017 मध्ये पनामा प्रकरणातला एक महत्त्वाचा दस्त अशाच किरकोळ गोष्टीवर संशयात सापडला. 2006 ची तारीख असलेल्या कागदावर 'कॅलिब्री' फॉन्ट होता, जो तेव्हा सर्वसामान्यांच्या वापरात आलेला नव्हता.

इतिहासाच्या अभ्यासकांना ही पद्धत जुनी माहीत आहे. जुन्नर किंवा दौलताबादच्या हातकागदावर वॉटरमार्क नसतो, फक्त गाळणीच्या काड्यांच्या रेषा दिसतात. कंपनी सरकारच्या काळात आलेल्या विलायती कागदात मात्र वॉटरमार्क असतो आणि 1794 नंतरच्या इंग्रजी कागदात पुष्कळदा बनवल्याचं सालही. एखादी सनद पेशवाईतली म्हणून पुढे आली आणि तिच्या कागदात 1840 हे साल दिसलं, तर वाद तिथेच मिटतो. 1852 मध्ये नेमलेल्या इनाम कमिशनपुढे जमिनींच्या सनदांची जी छाननी झाली, तिच्या मुळाशीही प्रश्न हाच होता: कागद म्हणतो ते दप्तरात आहे का?

फसवलं गेल्याचा संशय आला तर

नोटेचं आधी. हातातली नोट तपासताना वॉटरमार्कवर थांबू नका. 500 च्या नोटेवर उजवीकडे खालचा ₹500 हा आकडा तिरपा केला की हिरव्याचा निळा होतो, हिरवा सुरक्षा धागाही निळा दिसतो, आणि दोन्ही कडांना बोटाला लागतील अशा पाच उठावदार रेघा असतात. पहाटेच्या मासळी लिलावात, दिवा नीट नसताना, या रेघाच उपयोगी. बँकेत भरलेली नोट बनावट निघाली तर बँक ती शिक्का मारून जप्त करते आणि पोच देते. परत देत नाही आणि पैसेही मिळत नाहीत. एका व्यवहारात चारपर्यंत नोटा असतील तर बँक महिन्याच्या अहवालात पोलिसांना कळवते, पाच किंवा जास्त असतील तर थेट गुन्हा नोंदवण्यासाठी पाठवते. मात्र बनावट आहे हे कळल्यावर ती दुसऱ्याच्या गळ्यात मारली तर तो तुमचा गुन्हा होतो.

दस्ताच्या बाबतीत पैसे देण्याआधीच्या तीन पायऱ्या घरबसल्या होतात. सातबारा आणि त्यावरचे फेरफार स्वतः काढायचे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर 'ई-सर्च'मध्ये गाव आणि गट नंबर टाकून त्या जमिनीचे आधीचे नोंदवलेले दस्त बघायचे. ही सोय मोफत आहे. आणि चलनाचा जीआरएन ग्रासवर तपासायचा. संशय राहिलाच तर स्टॅम्प पेपर घेऊन मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयात जा. रायगडसाठी ते अलिबागला आहे. कोणत्या क्रमांकाचा कागद कोषागारातून कुणाला दिला हे तिथून शोधता येतं. मूळ कागद देताना पोच घ्या, झेरॉक्स ठेवा, आणि कागदावर स्वतः काही रासायनिक प्रयोग, खरडणं, ओला करून बघणं करू नका. उद्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तोच पुरावा म्हणून जाणार असतो.